ठेवायचे, द्यायचे, विचारायचे

सोलापुरात सात रस्त्यापासून पायी दहा मिनिटांवर हत्तरकी सरांचे घर आहे. तळमजल्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. खोलीला लागून न्हाणीघर आहे आणि घरातला एकमेव कमोड त्या न्हाणीघरात आहे. गेल्या सप्टेंबरात या खोलीत २,३१६ पुस्तके होती. कमोडपर्यंत जायला वाट नव्हती, कारण न्हाणीघराच्या दारातच शब्दकोशांचे कपाट होते.

सरांच्या पत्नी काशम्मा यांचे दोन्ही गुडघे झिजले होते. झोपायची खोली वर होती आणि जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. काशम्मा एकेका पायरीवर बसून, हातांवर भार देऊन, पाठमोऱ्या वर जात. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी २२ जानेवारी ही तारीख दिली आणि बजावून सांगितले, की घरी गेल्यावर दोन महिने जिना चढायचा नाही आणि खाली बसायचा संडास वापरायचा नाही. म्हणजे खालची खोली रिकामी हवी. हातात चार महिने होते. तेवढ्या वेळात एक खोली रिकामी होणार नाही, असे घरातल्या कुणालाही वाटले नाही.

"हॉलमध्ये पलंग टाकू," असे सरांनी एकदा सुचवून पाहिले.

"आनि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मी पाय पसरून पडू व्हय?" काशम्मा म्हणाल्या. "कमोडाला काय शेजारी जाऊ?"

हॉलचा विषय तिथेच संपला.

शिवयोगी हत्तरकी अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. खोलीतल्या पुस्तकांपैकी त्यांनी स्वतः विकत आणलेली सव्वाशे असतील. उरलेली चालत आली होती. त्याला कारणही सरच होते. नोकरीत असताना एका बक्षीस समारंभाच्या पत्रिकेवर त्यांनी छापून घेतले होते, 'हार-तुरे आणू नयेत, पुस्तक आणावे.' लोकांना कल्पना पटली. निवृत्तीनंतर सरांनाच पाहुणे म्हणून बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ व पुस्तक मिळू लागले. शाली काशम्मांनी पुढे देऊन टाकल्या, नारळांची चटणी झाली, पुस्तके राहिली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर 'सप्रेम भेट', खाली सही आणि तारीख. सही असलेले पुस्तक रद्दीत घालता येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही, कारण देणाऱ्याचा चुलतभाऊ नेमका तिथे भेटतो. सरांना असा चुलतभाऊ आजवर एकदाही भेटलेला नव्हता, पण त्याचा धाक कायम होता.

शिवाय माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या सरांच्या गौरवग्रंथाच्या एकशे चाळीस प्रती पडून होत्या. मोजताना ते एक पुस्तक धरायचे की एकशे चाळीस, यावरून सर आणि भुवनेश्वरी यांच्यात पहिल्याच दिवशी वाद झाला. सरांनी एकशे चाळीस धरायला लावली.

भुवनेश्वरी ही त्यांची मुलगी. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याबद्दल तिला पगार मिळतो. गणपतीच्या सुट्टीत ती आठ दिवस आली आणि तिने घरच्या पुस्तकांसाठी एक ॲप आणले. फोनने मुखपृष्ठाचा फोटो काढायचा, नाव लिहायचे, टॅग लावायचा. टॅग दोन प्रकारचे. एक आपल्यापुरता, त्याच्यापुढे कुलपाचे छोटे चित्र येते आणि तो दुसऱ्या कुणाला दिसत नाही. दुसरा सर्वांचा, त्याच्यापुढे घराचे चित्र येते आणि लावणाऱ्याचे नावही.

"नाव कशाला पायजे?" तिचा भाऊ श्रीशैल याने विचारले. तो औषधांच्या एका वितरकाकडे कामाला आहे आणि याच घरात राहतो.

"कुणी काय केलं ते कळायला नको का?"

"कळून काय करनार?"

"श्री, सिस्टीम अशीच असते."

सर्वांचे टॅग तीनच ठरले: 'ठेवायचे', 'द्यायचे', 'विचारायचे'. नियम भुवनेश्वरीने फ्रीजवर चिकटवला. चौघांनीही एखाद्या पुस्तकाला 'द्यायचे' लावले, तरच ते घराबाहेर जाईल. आपल्यापुरते टॅग ज्याने त्याने हवे तसे करावेत, त्यात कुणी डोकावू नये. चौघांना चार लॉगिन मिळाले. आई-वडिलांसाठी तिने एकाच ऑफरमध्ये एकसारखे दोन फोन घेतले, दोन्हींना तपकिरी कव्हर घातले आणि विसरायला नको म्हणून पिनही एकच ठेवला.

सरांनी यात एक सुधारणा सुचवली. ज्यांनी पुस्तके दिली त्या हितचिंतकांनाही संग्रह पाहता यावा.

"अप्पा, घरचं आहे ना हे?"

"बघू देत की. आपल्याला लपवायचं काय आहे?"

चौतीस हितचिंतकांना लिंक गेली. त्यांना टॅग लावता येणार नव्हते, पण घराचे चित्र असलेले सगळे टॅग नावासह दिसणार होते. मोहोळकडचे माजी सभापती हिंदुराव घाडगे यांनी त्याच दिवशी अंगठ्याची चार चित्रे पाठवली. आपल्या भाषणांचा संग्रह त्यांनी सरांना वेगवेगळ्या प्रसंगी पाच वेळा भेट दिला होता.

नोव्हेंबरच्या वीस तारखेला भुवनेश्वरीने पुण्याहून आकडे काढले. 'ठेवायचे': २,२८७. 'विचारायचे': २६. 'द्यायचे': ३. या तीनमध्ये रेल्वेचे वीस वर्षांपूर्वीचे वेळापत्रक, टेलिफोनची डिरेक्टरी आणि वाळवीने निम्मे खाल्लेले नववीच्या भूगोलाचे गाइड होते. दोन महिन्यांत खोलीतली दीड वीत जागा मोकळी झाली होती.

तेवढ्या काळात सर्वांच्या टॅगांची संख्या मात्र तीनवरून एकोणीसवर गेली होती. सरांनी 'संदर्भ' सुरू केला, मग 'अतिसंदर्भ', मग 'दुर्मीळ'. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत त्यांनी कुठे पाहिली नव्हती ते त्यांच्या दृष्टीने दुर्मीळ होते, आणि अशी सातशे निघाली.

कुलपाच्या बाजूची स्थिती अशी होती.

श्रीशैलने आपल्यापुरता 'रद्दी' हा टॅग केला होता आणि तो २,१९० पुस्तकांना लावला होता. घराच्या चित्रापुढे त्याच पुस्तकांना त्याने 'ठेवायचे' लावले होते. घरात राहणारा मुलगा तो एकटाच. बापाची पुस्तके पोराने काढली, असे चौतीस लोकांनी नावासकट वाचावे हे त्याला नको होते. भुवनेश्वरीच्या कुलपात 'नंतर' होते, २,०५० पुस्तकांना. तिनेही बाहेर 'ठेवायचे' लावले होते, कारण पुण्यात राहून सोलापूरच्या घरातल्या वस्तू बाहेर काढा म्हणणे बरे दिसत नाही. काशम्मांच्या कुलपातल्या टॅगचे नाव 'खोली' होते. त्या एकेका कपाटासमोर स्टूल टाकून बसत आणि खण संपला की पुढच्या खणाकडे सरकत. बाहेर त्यांनीही 'ठेवायचे' लावले. नवऱ्याच्या पुस्तकांवर पहिला हात बायकोने टाकला, असे त्यांना व्हायला नको होते.

सरांच्या कुलपात 'नको' होते. २,१०४ पुस्तके. रोज दुपारी चहानंतर ते अर्धा तास खोलीत बसत, एकेक पुस्तक हातात घेत, सही पाहत, आणि फोनवर आधी 'ठेवायचे' आणि मग कुलूप लावून 'नको' असे दोन्ही लावत. हे काम त्यांनी शाळेतल्या उत्तरपत्रिकांइतक्याच शिस्तीने केले. बायको-मुलांना या संग्रहाचा अभिमान आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

डिसेंबर असाच गेला. काशम्मा पाठमोऱ्या जिना चढत राहिल्या. गड्ड्याच्या मैदानावर जत्रेचे पाळणे उभे राहू लागले तेव्हा शस्त्रक्रियेला सतरा दिवस उरले होते.

पाच जानेवारीला सर एका शाळेत पाहुणे म्हणून गेले आणि जाताना चुकून काशम्मांचा फोन घेऊन गेले. काशम्मांनी दुपारी टेबलावरचा फोन उचलला, ॲप उघडले आणि कुलपाच्या चित्रावर बोट ठेवले. 'खोली' दिसेना. तिथे 'नको' होते. आधी त्यांना वाटले, आपल्याच हातून काही बदलले. मग वर नाव दिसले. त्या यादी खाली खाली सरकवत गेल्या. यादी बराच वेळ संपली नाही.

सर दीड वाजता परतले. हातात शाल, नारळ आणि दोन पुस्तके. काशम्मा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या.

"तुझा फोन माझ्याकडे आला बघ," सर म्हणाले. "एक बाई सारखी विचारत होती, कडक भाकरी किती पाठवू. मी सांगितलं, पन्नास."

"पन्नास? तीन माणसांला?"

"मला काय माहीत किती घेतेस ते."

"ते ऱ्हाऊ द्या. हे 'नको' काय हाय?"

सरांनी नारळ पायरीवर ठेवला. तो घरंगळला, त्यांनी पुन्हा उचलला.

"ते माझ्यापुरतं आहे. नियमच तसा आहे. फ्रीजवर लावलाय."

"दोन हजार एकशे चार. मोजून नको. आनि त्याच पुस्तकाला भाईर घराच्या चित्राला काय? 'ठेवायचे'. कुणी? शिवयोगी."

नवऱ्याचे नाव काशम्मांनी उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेतले होते, आणि तेही फोनवरून वाचून.

"तुला वाईट वाटेल म्हणून," सर म्हणाले.

"मला? कशाचं?"

"इतक्या वर्षांचा संग्रह. तूच सांगत असतेस आल्या-गेल्याला, आमच्याकडं दोन हजार पुस्तकं हायत म्हणून."

"तुमाला बरं वाटावं म्हणून सांगते की!"

सरांनी नारळ दुसऱ्या पायरीवर नीट टेकवून ठेवला.

"चार म्हैने मी ढुंगणावर जिना चढालेय," काशम्मा म्हणाल्या. "कुणासाठी? तुमाला नको, मला नको. त्या पुस्तकास्नी तरी हितं ऱ्हायचंय का इचारा."

सरांच्या हातात अजून काशम्मांचा फोन होता. पिन एकच होता. त्यांनी चष्मा लावला, ॲप उघडले, कुलपावर बोट ठेवले आणि आकडा वाचला.

"दोन हजार तीनशे सोळा. म्हणजे सगळीच?"

"सगळीच."

"माझ्या गौरवग्रंथासकट?"

"एकशेचाळीस हायत त्या."

"एक तरी?"

"एक ठेवा की. उशाला घ्या."

सर खालच्या पायरीवर बसले. दोघांमध्ये एक पायरी आणि नारळ होता.

"आणि तुझी ती कानडी सोळा? माहेरून आणलेली?"

"वाचून झाली की कवाच. पोरांला तर कानडी बोलताच येतंय, वाचता कुटं येतंय. कुणासाठी ठेवू?"

"मी ती 'नको'मध्ये टाकली नाहीत."

"बघितलं. तुमाला तरी कुटं वाचता येतंय."

"म्हणून तर टाकली नाहीत. मला काय कळतं त्यातलं."

काशम्मांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नारळ काढून घेतला. "चला, जेवा. पन्नास भाकऱ्या आल्या की मग इचारते."

संध्याकाळी काशम्मांनी श्रीशैलला समोर बसवले आणि भुवनेश्वरीला व्हिडिओ कॉल लावला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"ज्याच्या त्याच्या कुलपात काय हाय ते वाचायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या अप्पांचं आनि माझं वाचून झालंय. श्री, तुजं सांग."

"अव्वा, तसं काय न्हाय माझं."

"वाच."

"'रद्दी'," श्रीशैल म्हणाला. "दोन हजार एकशे नव्वद. अप्पा, ते मी आपलं गमतीनं."

"दोन हजार वेळा गंमत?" सर म्हणाले. "भुवना, तुझं?"

"मी नाही सांगणार. प्रायव्हसी म्हणून एक गोष्ट असते, अप्पा. त्याचसाठी तर तो ऑप्शन दिलाय."

"माजा गुडघा तुमच्या प्रायव्हसीनं वाकायचा न्हाय," काशम्मा म्हणाल्या. "सांग."

"'नंतर'. दोन हजार पन्नास."

"नंतर म्हंजे? कशानंतर?"

भुवनेश्वरीने पाणी प्यायले. श्रीशैल साखरेच्या डब्याकडे पाहू लागला. कशानंतर ते चौघांनाही समजले होते, आणि ज्यांच्यानंतर, त्यांना सगळ्यांत आधी.

"शब्द बरोबर आहे," सर म्हणाले. "मुदत तेवढी अलीकडे आणा."

यादी जुळवायला भुवनेश्वरीला चार मिनिटे लागली. चौघांच्याही कुलपात असलेली पुस्तके १,९८८ निघाली. उरलेल्यांपैकी ११६ वर भांडण फक्त भाऊ-बहिणीत होते; ते त्यांनी तिथेच मिटवले. सरांची २,१०४ जायची हे ठरले. उरलेली २१२ वर न्यायची. श्रीशैलने माणूसही शोधून ठेवला होता. कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत मायाक्का नावाच्या निवृत्त अंगणवाडी सेविका मुलींसाठी अभ्यासिका चालवतात. औषधे पोचवायला जाताना त्याची ओळख झाली होती, आणि 'काय बी द्या, पण कपाटासकट द्या,' असे त्या गणपतीतच म्हणाल्या होत्या.

"गणपतीत?" काशम्मा म्हणाल्या. "आनि आज सांगालास व्हय रे?"

"कुणी 'द्यायचे' लावलंच न्हाय. मी कसं सांगू?"

आता फक्त एक काम राहिले होते. २,१०४ पुस्तकांना घराच्या चित्रापुढे 'ठेवायचे' काढून 'द्यायचे' लावायचे. इथे सर अडले.

"चौतीस लोक बघतात ते."

"तुम्हीच लिंक पाठवलीत ना," भुवनेश्वरी म्हणाली.

"पाठवली. म्हणून तर सांगतोय. हिंदुराव रोज उघडून बघतात. त्यांच्या पाच प्रतींपुढं 'द्यायचे – शिवयोगी' असं दिसलं तर?"

"ॲपच उडवून टाका," श्रीशैल म्हणाला.

"मग सगळेच विचारतील, का उडवलं."

काशम्मांच्या कपाटात आहेराच्या ब्लाउजपीसांची पेटी आहे. प्रत्येक पीसला टाचणीने चिठ्ठी लावलेली असते, कुणाकडून आला ते. म्हणजे ज्या घरून आला त्याच घरी परत जात नाही. चाळीस वर्षांत एकही पीस परत गेलेला नाही आणि एकाही पीसचे ब्लाउज शिवलेले नाही. त्या पेटीवर त्यांचा सरांच्या चौतीस हितचिंतकांहून जास्त विश्वास होता.

"ब्लाउजपीस पुढं देताना मी कुणाला इचारते व्हय?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठी आपल्याकडं ऱ्हाती, पीस जातोय. तसं करा की. फोनात 'ठेवायचे' असू दे. पुस्तकं जाऊ द्या."

"अव्वा, डेटा खोटा होईल सगळा," भुवनेश्वरी म्हणाली.

"पटावर आहेत तेवढी मुलं वर्गात असतात असं तुला कुणी सांगितलं?" सर म्हणाले. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी हे वाक्य नोकरीत कधीच उच्चारले नव्हते.

पहिली पाने फाडावीत, असे श्रीशैलचे म्हणणे होते. पुस्तक फाडणार नाही, असे सरांनी सांगितले. त्याऐवजी ते सहीवर पांढरा कागद डकवू लागले आणि त्यावर शाळेतल्या अक्षरात 'वाचनासाठी' असे लिहू लागले. रोज साठ-सत्तर होत. जत्रेच्या दिवसांत टेम्पो मिळेना. मिळाला तो अठरा तारखेला. तोवर आठशे सह्या झाकून झाल्या होत्या. उरलेल्या तशाच गेल्या. तीन कपाटेही गेली. भिंतीवर कपाटांच्या जागी फिके चौकोन राहिले आणि अकरा वर्षांनी न्हाणीघराचे दार पूर्ण उघडले. आत कमोडच्या झाकणावर सरांना एका प्रशालेने दिलेले, दोरी न सोडलेले पुस्तकांचे पुडके सापडले. तेही टेम्पोत टाकले.

सोळा कानडी पुस्तके मात्र काशम्मांनी खिडकीत ठेवून घेतली. दोन महिने पडून राहायचे, तर काहीतरी हवेच, असे त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. सत्तावीस तारखेला काशम्मा घरी आल्या आणि वॉकर धरून पलंगापासून कमोडपर्यंत स्वतः गेल्या. अकरा पावले. त्यांनी ती मोजली आणि पुण्याला कळवली.

दोन फेब्रुवारीला हिंदुराव घाडगे पेशंटला भेटायला आले. द्राक्षांची पेटी, पांढरे धोतर, हातात मोठा फोन. त्यांच्यासाठी पलंगाजवळ खुर्ची ठेवली.

"वहिनी, कसं काय? चालायला लागला म्हनं."

"चालतेय की वॉकर धरून. बसा."

हिंदुराव बसले आणि खोलीभर नजर फिरवली.

"सर, हितं तर लई पुस्तकं हुती."

"वर नेली," सर म्हणाले. "हिला जागा हवी म्हणून."

"बरं केलं. मी ॲपावर रोज बघतोय. माझं पुस्तक हाय 'ठेवायचे', 'संदर्भ', 'अतिसंदर्भ'. पाचीच्या पाची. लई बरं वाटलं, सर. आमच्या घरात कोन विचारतंय." त्यांनी फोन सरांपुढे धरला. "त्यात एका भाषणाची तारीख चुकलीया. पेन आणलंय. प्रती दावा, आत्ता दुरुस्त करून देतो."

"चहा घेऊ आधी," सर म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. ते बराच वेळ आले नाहीत.

हिंदुराव पुन्हा भिंती पाहू लागले. फिक्या चौकोनांवर त्यांची नजर थांबली.

"वहिनी, एक बोलू का? तीन भिंती मोकळ्याच ऱ्हाणार आता. माझी नवी आवृत्ती निघाली. तीनशे प्रती पडवीत पडल्यात, उंदरं लागालीत. सरांसारखं जपणारा माणूस दुसरा न्हाय. उद्या गाडी हितंच पाठवून देतो. भिंतीकडंनं लावल्या तर तुमाला अडचण व्हायची न्हाय."

काशम्मांनी भिंतीकडे पाहिले, मग न्हाणीघराच्या दाराकडे. मग वॉकर जवळ ओढला.

"सभापती, तुमची पाच पुस्तकं वर न्हायत," त्या म्हणाल्या. "कुंभारीला दिली. सगळीच दिली. फोनात आमी नुसतं लिवून ठेवलंय."

हिंदुरावांनी फोन मांडीवर उपडा ठेवला.

"दिली?"

"दिली. राग धरा न्हायतर नका धरू. हितं आता माणूस ऱ्हातंय. उद्याची गाडी हितं येऊ देनार न्हाय मी."

"कुंभारीला कुणाला?"

"मायाक्कांच्या अभ्यासिकेला. पोरी बसतात तितं. परवा त्यांचा फोन आल्ता. एक पोरगी तुमचं पाण्यावरचं भाषण पाठ करालीय म्हनं, कुटली तरी स्पर्धा हाय तिची."

"पाण्यावरचं?" हिंदुराव म्हणाले. "तारीख चुकलीया ती त्यातच."

"मग जावा आनि दुरुस्त करा."

हिंदुरावांनी द्राक्षांच्या पेटीची पट्टी सरळ केली. मग खुर्ची थोडी पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, तीनशे घेतील का त्या? सरांना नका सांगू मी इचारलं म्हणून. आमच्या मंडळींनी पडवीचं लई लावून धरलंय. पन मीच माझं पुस्तक वाटत फिरलो तर लोक काय म्हणतील?"

दारात सर चहाचा ट्रे घेऊन उभे होते. कधीपासून, ते काशम्मांना सांगता आले नसते. कपांतला चहा बशीत सांडला होता. ते आत आले, ट्रे खुर्चीच्या हातावर टेकवला आणि खिशातून चष्मा काढला.

"हिंदुराव," सरांनी विचारले, "कुंभारीला द्यायची यादी केलीय का?"